जॉर्जराव, हे पत्र आधीच टाकायला हवं होतं

प्रिय जॉर्ज अलगाया,

आमच्या घरात तुम्ही जॉर्जराव. सासूबाई लंडनला आमच्याकडे राहायला आल्या होत्या, तेव्हा संध्याकाळी सहाला तुम्ही बीबीसीच्या बातम्या सांगायला आलात की म्हणायच्या, "आले बघा जॉर्जराव." इंग्रजी त्यांना फारसं कळायचं नाही, पण तुमचा आवाज आवडायचा.

गेल्या आठवड्यात ह्यांची पाच वर्षांनंतरची शेवटची तपासणी झाली. काही सापडलं नाही. घरी आल्यावर देवापुढे साखर ठेवली आणि लिहायला बसले. हात अजून थरथरतोय.

२०२० मध्ये सगळं बंद होतं तेव्हाची गोष्ट. ज्यांनी जन्मात संडास घासला नव्हता, ते आमचे हे रोज सकाळी ब्रश घेऊन दार लावून घ्यायला लागले. मला कौतुक वाटलं. ते रक्त धुवून काढत होते, हे मला तीन आठवडे कळलं नाही. दवाखान्याला मात्र माहीत होतं. ह्यांनी गुपचूप दोनदा फोन केला होता आणि दोन्ही वेळा दोन मिनिटांत उत्तर मिळालं, मूळव्याध असेल, पाणी भरपूर प्या. किती दिवस होतंय, वय काय, कुणी विचारलं नाही. तो राग माझा अजून गेलेला नाही.

मग एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते आणि मोबाइलवर तुमचा पॉडकास्ट लागला होता, आतड्याच्या कॅन्सरवरचा. तुम्हाला तो २०१४ पासून होता. जे शब्द आमच्यात नवराबायकोही एकमेकांशी बोलत नाहीत, ते तुम्ही सहाच्या बातम्या सांगायचात त्याच आवाजात बोलत होता. कुठे अडखळणं नाही, आवाज खाली आणणं नाही. हे दारात उभे राहून ऐकत होते. माझ्याकडे बघून ओशाळं हसले आणि म्हणाले, "मलाही होतंय." पोळी तव्यावर करपली.

ते हसू मला ओळखीचं होतं. मुलीच्या शाळेच्या पुस्तकात तुमचा उतारा होता, सोमालियातल्या दुष्काळावरचा. झोपडीतला एक माणूस तुमच्याकडे पाहून क्षणभर हसतो. आपली अशी अवस्था परक्याने पाहावी याची त्याला लाज वाटते, आणि ते हसू तुमचा पिच्छा सोडत नाही. त्याचं नाव विचारायचं राहिलं, याची चुटपुट तुम्ही लिहून ठेवलीत.

सोमालिया, रवांडा, वार्ताहर म्हणून काय काय पाहिलंत तुम्ही! पण मला वाटतं, त्या माणसाची लाज तुम्हाला कळली ती त्या सगळ्याच्याही आधीच्या आयुष्यामुळे. १९५५ मध्ये कोलंबोत तमिळ घरात जन्म, १९६१ मध्ये घाना, आणि अकराव्या वर्षी आईवडिलांपासून लांब, इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या वसतिगृहात. एवढ्याशा पोराला तिथे किती गोष्टी मनातच ठेवाव्या लागल्या असतील. तरीही मोठेपणी इतकं मोकळं बोलता आलं तुम्हाला. टीव्हीवर आवाज चढवणारे खूप पाहिले. समोरच्याची लाज सांभाळून बोलणारी सभ्य माणसं फार थोडी.

तुम्ही जाहीर सांगितलं होतंत की शौचाचा नमुना घेऊन टपालाने परत पाठवायचा तो तपासणीचा संच स्कॉटलंडमध्ये पन्नाशीला घरी येतो, इंग्लंडमध्ये साठीला. तिकडे राहत असता तर तुमचा आजार लवकर सापडला असता. हे तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते. तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्या संचाला आणखी चार वर्षं होती. तुमच्यामुळे ह्यांनी तिसरा फोन माझ्यासमोर केला, सगळं स्पष्ट सांगितलं, तपासण्या झाल्या आणि गाठ वेळेत निघाली. आता इंग्लंडमध्येही संच पन्नाशीला येतो. मी ओळखीतल्या प्रत्येकाला फोन करून विचारते, पाठवलात का परत?

ऑपरेशननंतर लगेच तुम्हाला चार ओळी लिहिल्या होत्या. पत्ता शोधून पाठवू म्हणून कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. २४ जुलै २०२३ ला तुम्ही गेल्याची बातमी आली, तेव्हा ह्यांनी उठून तो कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. बोलले काहीच नाहीत.

तुम्हाला आमचंही नाव कधी कळलं नाही, जॉर्जराव.

तुमची ऋणी,
सांगलीची, आता लंडनची, एक बायको