तुझी एनओसी आणि आपला क्लब

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, त्यांना नाही म्हणून कळवते. आपला क्लब सोडून मी कशी जाऊ?" मी नुसतं "बघू" म्हटलं आणि फोन आईकडे दिला. असलं काही मला फोनवर धड बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

तू जा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं निवांत वाचशील. पुण्याच्या त्या फुटबॉल क्लबला हो म्हण, आणि मनात काहीही न ठेवता हो म्हण.

तुला असं का वाटलं ते मला कळतं. जन्मल्यापासून तू मला क्लबच्या मागेच पाहिलं आहेस. रविवारी सकाळी चुन्याचा डबा घेऊन निघणारा, मॅच हरून आलो की जेवताना न बोलणारा बाप तू पाहिलास. त्यामुळे क्लबशी इमान राखायचं म्हणजे क्लबातच राहायचं, असं तुझ्या मनात बसलं असणार. पण पोरी, ते आम्हा रेषेबाहेरच्या माणसांचं इमान. रेषेच्या आत खेळणाऱ्याकडून आपल्या क्लबानं तसं कधी मागितलेलं नाही. हा रिवाज आजोबांच्या वेळेपासूनचा आहे. तो तुला नीट सांगितलाच गेला नाही, तर आज ऐक.

आजोबा मोतीबागच्या नॅरोगेज वर्कशॉपमध्ये फिटर होते हे तुला माहीत आहे. ड्यूटी सुटली की घरी न येता ते सरळ मैदानावर जायचे, आणि मी शाळेत जायला लागलो तसा मीही त्यांच्यामागे. त्या काळी उत्तर नागपुरात संध्याकाळी पाचनंतर मोकळी जागा दिसली की तिथे बॉल असायचाच. सदर, मोहननगर, गड्डीगोदाम, रेल्वेच्या चाळी, सगळीकडे. पलीकडे कामठी तर फुटबॉलचं गावच. तिथल्या रब्बानी क्लबाचे पोट्टे मैदानात उतरले की आमच्या बॅकना घाम फुटायचा. आपला क्लब त्या मोठ्या नावांत कधीच नव्हता. एका मोहल्ल्याचा क्लब, एक पावती पुस्तक, एक ट्रंक, ट्रंकेत जर्सी. आंबिया बहराची संत्री बाजारात आली की हाफटाइमला संत्र्याच्या फोडी वाटायचे, आणि ते वाटायचं काम माझं होतं. मी पुढे क्लबाच्या पहिल्या अकरात कधी आलो नाही, पण फोडी वाटत होतो तेव्हापासून हा क्लब माझा आहे.

आता रिवाज सांगतो. तेव्हा चांगल्या खेळणाऱ्या पोट्ट्यापुढे एकच मोठी वाट होती, ती म्हणजे नोकरी. रेल्वे, पोलीस, कोळसा खाणी, कुठे ना कुठे खेळाडूंच्या कोट्यातून भरती निघायची. आपल्या क्लबातला एखादा ट्रायलला जायचा आणि महिन्या-दोन महिन्यांनी ऑर्डर यायची. ऑर्डर आली की तो आमचा राहायचा नाही, त्या खात्याच्या टीमकडून खेळायचा. आणि त्या संध्याकाळी मैदानावर पेढे यायचे. आणायचा कोण? क्लब. ज्याच्या जोरावर आपण जिंकायचो तो जातोय, आणि पेढे आपण वाटतोय!

माझ्या लहानपणी आपल्याकडे एक लेफ्ट आउट होता, म्हणजे डाव्या रेषेवरून खेळणारा. नाव लिहीत नाही. तो आता म्हातारा झालाय, मैदानावर अजून येतो, तू ओळखतेस. काय पळायचा बाप्पा! रेषेला चिकटून जायचा आणि बॅकला वाटायचं बॉल बाहेर जाणार, तेवढ्यात हा आत वळलेला असायचा. त्याला रेल्वेत नोकरी लागली. पुढच्याच हंगामात तो निळी जर्सी घालून आमच्यासमोर उभा. त्या मॅचमध्ये त्यानं आमच्यावर गोल मारला, तसाच आत वळून. दोन्ही हात वर करून धावला, आणि ते बरोबरच होतं. आमच्या बाजूची माणसं आधी शिव्या देत होती, मग टाळ्या वाजवायला लागली. मॅच संपल्यावर तो थेट आमच्या बाजूला आला. आजोबांनी त्याच्या हातात चहाचा ग्लास दिला आणि विचारलं, "क्वार्टर मिळालं का?" बस. गोलबद्दल एक शब्द नाही. त्याच्या घरी दोन बहिणींची लग्नं व्हायची होती, हे अख्ख्या मोहल्ल्याला माहीत होतं.

त्याच सुमारास आणखी काही जण असेच लागले आणि आपण खालच्या डिव्हिजनमध्ये गेलो. त्यानंतर वर यायला किती हंगाम गेले ते तुला आजोबांच्या तोंडून ऐकायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. वर आलो, परत खाली गेलो. पण गेलेल्या पोरांपैकी एकालाही कोणी "गद्दार" म्हटल्याचं मी ऐकलं नाही. आपल्या क्लबची ट्रॉफी म्हणशील तर ती हीच. कपाटात ठेवता येत नाही, पण निम्म्या मोहल्ल्याच्या घरांत पगार त्यामुळे आला.

मग आम्ही का थांबलो, असं तू विचारशील. तू बारावीत असताना एकदा विचारलंही होतंस, "बाबा, हरणाऱ्या टीमसाठी एवढं काहून करता?" तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं. आता देतो.

देशातले मोठे क्लब बघ. महिंद्रा युनायटेड 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीगचे विजेते होते. जेसीटी तर 1996-97 ची पहिलीच राष्ट्रीय लीग जिंकलेला क्लब. महिंद्रा 2010 मध्ये बंद झाला, जेसीटी 2011 मध्ये. खेळाडूंना दुसरीकडे जागा मिळाल्या, पण मुंबईत कुपरेजला ज्यांनी वर्षानुवर्षं महिंद्रासाठी गळा फोडला, त्यांनी दुसऱ्या दिवशी कुठे जायचं? मालकानं ठरवलं आणि क्लब संपला. आपला क्लब कोणाच्या मालकीचा नाही. म्हणून तो कोणी मोठाही केला नाही आणि कोणाला बंदही करता आला नाही. तो चालतो कारण दरवर्षी कोणीतरी एन्ट्री फी भरतं, कोणीतरी जर्सी धुतं, कोणीतरी जाळी शिवतं. त्या "कोणीतरी"मध्ये मी असावं, एवढीच माझी इच्छा आहे. तेवढ्यावर मी खूश आहे, खरंच.

क्रिकेटबद्दल माझ्या मनात काही नाही. विदर्भानं 2017-18 मध्ये पहिल्यांदा रणजी जिंकली आणि पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली, तेव्हा मीही शेजाऱ्यांना जिलबी खाऊ घातली. जामठ्याचं स्टेडियम आपल्या शहराची शान आहे. पण जामठ्याला मी तिकीट काढून बघणारा एक माणूस. इथे मैदानावर गेलो नाही तर रेषा आखल्या जात नाहीत.

मैदानाचं तू स्वतः पाहिलंस. मागे ते प्रदर्शनाला दिलं होतं, आठवतं? मंडप निघाला आणि आपण सगळे सकाळी पोचलो, तर जमिनीत बोटाएवढे खिळे, सुतळ्या, फुटलेल्या काचा. सोमवारी अंडर-13 च्या पोरांची मॅच होती. तू, तुझ्या मैत्रिणी, तो म्हातारा लेफ्ट आउट, सगळे एका रांगेत उकिडवे बसून गोलपोस्टपासून गोलपोस्टपर्यंत सरकत गेलो. कोणीतरी स्पीकरचं लोहचुंबक आणलं होतं, ते दोरीला बांधून तू जमिनीवरून ओढत होतीस आणि त्याला खिळे चिकटत होते. दुपारपर्यंत अर्धी बादली भरली. मैदान ज्यांनी दिलं त्यांच्यापैकी कोणी फिरकलं नाही. त्याचा राग मला अजून आहे, जाणार नाही. पण सोमवारी एकाही पोराच्या पायाला काही लागलं नाही. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या मॅचेसमध्ये मी ती धरतो, आणि ती आपण हरलो होतो.

आता तुझ्याबद्दल.

तू खेळायला लागलीस तेव्हा क्लबात मुलींची टीम नव्हतीच, पोट्ट्यांबरोबर खेळायचीस. "अबे, तिला पास दे न बे!" असं मला किती वेळा ओरडावं लागलं. नागपुरात मुलींच्या फुटबॉलला आज जे थोडं वळण लागलं आहे, त्यात वस्त्यांमधल्या कामाचा मोठा वाटा आहे. विजय बारसे सरांनी 2001 मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं, त्यातून स्लम सॉकर उभं राहिलं, त्याला 2016 चा फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. ते बघूनच आपल्या कमिटीतल्या माणसांना पटलं की पोरींची टीम काढायची. पण टीम काढली तरी मॅच कोणाशी खेळायची? इथे तुझ्या वयाच्या चांगल्या टीम हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात. हंगामातल्या मोजक्या मॅचेस सोडल्या तर बाकी वर्ष नुसती प्रॅक्टिस. खेळाडूला घडवतात त्या अवघड मॅचेस, आणि त्या तुला आम्ही देऊ शकत नाही.

जुलै 2025 ची ती संध्याकाळ आठव. भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरी 2-1 नं हरवलं आणि पात्रता फेरी खेळून पहिल्यांदा आशियाई कपात गेल्या. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. दुसरा गोल झाला तेव्हा तू पलंगावरून उडी मारलीस आणि खालच्या काकू काय झालं म्हणून वर आल्या. त्या मुलींपैकी प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या छोट्या मैदानावरून उठून मोठ्या क्लबात गेली आहे. ते छोटं मैदान सोडलं नसतं तर ती मॅच कोणी खेळली असती? तू भारताकडून खेळशील असं मी म्हणत नाही, तसलं ओझं तुझ्यावर टाकायचं नाही. पण महाराष्ट्राच्या महिला लीगमध्ये, आपल्यापेक्षा वरचढ पोरींसमोर, नव्वद मिनिटं उभी राहिलेली तुला मला बघायची आहे. उद्या तू आपल्यावर गोल मारलास तरी चहा मीच देईन.

आता कामाचं. एआयएफएफच्या, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, सीआरएस या ऑनलाइन नोंदणीवर तुझं रजिस्ट्रेशन आपल्या क्लबात आहे. त्यांनी ट्रान्सफर मागितली की इकडून मंजूर होईल. सेक्रेटरींशी मी बोललो आहे. त्यांनी कालच एनओसीचं पत्र लेटरहेडवर काढून ठेवलं, आणि क्लबाच्या नियमात पैसे घ्यायचं कुठे नाही, तर कोणी एक रुपया मागणार नाही. ट्रान्सफरची विंडो, म्हणजे ठरलेली मुदत, बंद व्हायच्या आत कर, शेवटच्या दिवसावर ठेवू नको.

ते देतील तो कागद सही करायच्या आधी मला फोटो काढून पाठव. त्यात मी दोनच गोष्टी बघणार. दुखापत झाली तर एमआरआय आणि ऑपरेशनचा खर्च कोण करणार, आणि तुझ्या परीक्षेच्या दिवसांत तुला सुटी मिळणार का. पहिल्या गोष्टीवर "बघून घेऊ" म्हणाले तर तिथेच थांबायचं. मुलींच्या गुडघ्याची एसीएल, म्हणजे आतली हाडं बांधून ठेवणारी दोरी, मुलांपेक्षा जास्त वेळा जाते, हे तुला तुझ्या कोचनंही सांगितलं आहे. दुखापत टाळायचा फिफा 11+ चा वॉर्म-अप वीस मिनिटांचाच असतो. इथे तू तो अर्ध्यावर सोडून बॉलकडे पळायचीस, तिथे पूर्ण कर. पुण्याची हवा थंड, आपल्या उन्हाची सवय असलेलं शरीर गरम व्हायला वेळ लागतो.

आई म्हणते, ठेचा आणि सांडगे पाठवते. हॉस्टेलच्या जेवणावर दिवस काढू नको. अंडी, चणे, दूध, यात कंजुषी करायची नाही. पैशाची काळजी तू करू नको, तेवढं आहे.

आणखी एक. पुढच्या महिन्यात सामान न्यायला येशील तेव्हा तुझे जुने चार नंबरचे स्टड घेऊन जाऊ नकोस. टीममध्ये एक नवी पोट्टी आली आहे, कडबी चौकातून सायकलनं येते, कॅनव्हासच्या बुटांवर खेळते आणि तुझ्यासारखीच डाव्या पायाची आहे. तिला मी सांगून ठेवलं आहे. डावा स्टड पुढून उसवला होता, तो मोच्याकडून शिवून घेतो.

कागदाचा फोटो विसरू नको.

तुझे,
बाबा