आइस हॉकीच्या शिबिरांत पास घेण्यालाही वेळ द्या

संपादक महोदय,

भारतीय महिलांनी २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे आशिया चषकात कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून आइस हॉकीच्या बातम्या मराठी क्रीडापानांवरही अधूनमधून दिसतात. बातमीत गोल कोणी केला ते असते, फार तर पास कोणी दिला ते असते. शिबिरांतही साधारण हाच कल दिसतो: स्केटिंग, मग शॉट, उरलेल्या वेळात सामना. पास घेणे ‘सवयीने येईल’ म्हणून सोडून दिले जाते. ते सवयीने येत नाही, उलट चुकीची सवय पक्की होते. म्हणून हे पत्र.

सर्वांत मोठा दोष स्टिकवर खाली असलेल्या हाताचा असतो. ताशी चाळीसेक किलोमीटर वेगाने येणारा १५६ ते १७० ग्रॅमचा पक (चेंडूऐवजी वापरली जाणारी कडक रबरी चकती) ताठ धरलेल्या स्टिकवर आदळला की दोन-तीन फूट उडतो आणि तेवढ्यात प्रतिस्पर्धी तो उचलून नेतो. पक दोन सेंटिमीटरमध्ये थांबवण्याऐवजी तीस सेंटिमीटरमध्ये थांबवला, तर स्टिकवर येणारे सरासरी बल पंधरापटीने कमी होते. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे जातात ते याच कारणाने. खालच्या हाताची मूठ घट्ट असेल तर स्टिक मागे सरकतच नाही. तो हात कडीसारखा सैल असावा आणि स्टिकचा ताबा वरच्या हाताकडे असावा. वरच्या हाताचे कोपर पोटाला चिकटलेले असले तरी हीच अडचण येते, कारण मागे जायला जागा उरत नाही. हात कंबरेच्या पुढे, शरीरापासून सुटा हवा.

यातली एक बारीक गोष्ट अनेक प्रशिक्षकांच्याही नजरेतून सुटते. ‘स्टिक मागे घे’ एवढेच सांगितले की मुले स्टिक आधीच शरीराच्या बाजूला धरून उभी राहतात आणि तिथून मागे घेतात. मग पक पायांच्या मागे जातो. स्टिकचा पहिला स्पर्श पुढच्या स्केटच्याही पुढे व्हायला हवा आणि पक मागच्या स्केटच्या रेषेत येईपर्यंत थांबलेला हवा. ही फूटभराची जागा आधीच राखून ठेवावी लागते.

दुसरा मुद्दा ब्लेडच्या, म्हणजे स्टिकच्या खालच्या चपट्या भागाच्या, कोनाचा. ब्लेड पासच्या रेषेला काटकोनात आणि तिची वरची कड पकवर किंचित झुकलेली असावी. हे झुकणे वरच्या मनगटाने होते. ब्लेड उघडी, म्हणजे वरची कड मागे कललेली, राहिली तर पक तिच्यावरून चढून पलीकडे जातो, आणि मुलगा पास देणाऱ्याला दोष देतो! पक ब्लेडच्या मध्यापासून टाचेपर्यंतच्या (दांड्याजवळच्या) भागात घ्यावा. टोकाला लागला तर ब्लेड हातात फिरते आणि पक तिरका निसटतो. बॅकहँडला ब्लेडचा फुगीर भाग पकसमोर येतो, त्यामुळे पक टोकाकडे घसरतो. तिथे ब्लेड जास्त झुकवावी आणि स्टिक जास्त मागे सोडावी. आपल्याकडे मैदानी हॉकी खेळलेली मुले इथे हमखास अडखळतात, कारण त्या खेळात स्टिकची पाठ आणि पाय दोन्ही निषिद्ध आहेत. आइस हॉकीत ब्लेडच्या दोन्ही बाजू वापरता येतात, आणि पक स्केटने अडवून स्टिककडे वळवणेही नियमात बसते. चेंडू बॅकहँडला आला की अंग वळवून तो फोरहँडवर आणण्याची सवय बर्फावर मोडावीच लागते.

ब्लेड बर्फावर टेकलेली हवी, हे सांगायची गरज नसावी. पण कोणताही सराव पाहा, निम्म्या स्टिक गुडघ्यापर्यंत उचललेल्या दिसतील. टेकलेली ब्लेड हेच पास देणाऱ्याचे लक्ष्य असते. त्याला ती दिसली नाही तर तो अंदाजाने पास देतो.

पास अचूक येईल हे गृहीत धरूनच सगळा सराव होतो, हेही चुकते. सामन्यात निम्मे पास कुठेतरी बिघडलेले येतात. पास मागे पडला तर त्या बाजूचा स्केट तिरका करून, पाते बर्फावर ठेवून पक पुढे स्टिककडे वळवावा. वजन दुसऱ्या पायावर घ्यावे, नाहीतर तोल जातो. फार पुढे गेला तर खालचा हात सोडून, गुडघा खोल वाकवून, वरच्या एका हाताने स्टिक जवळजवळ आडवी पसरावी. उडत आला तर उघड्या तळव्याने खाली पाडावा. मुठीत धरून पुढे गेल्यास दोन मिनिटे बाहेर बसावे लागते. प्रतिस्पर्ध्याच्या स्टिकवरून उचलून दिलेला पास बर्फावर टेकतो त्याच क्षणी ब्लेड त्याच्यावर झुकवायची. एक क्षण आधी केले तर पक ब्लेडच्या पाठीवर आदळतो, उशिरा केले तर खालून जातो.

रिंकभोवतीच्या फळीच्या कडेने फिरत येणारा पास हा तर वेगळाच विषय आहे. आपल्या भागातून बाहेर पडताना विंगरला (कडेने खेळणाऱ्या आघाडीच्या खेळाडूला) तो सतत घ्यावा लागतो, आणि बहुतेक जण फळीकडे तोंड करून स्टिकने पक कोरायला जातात. पाठीमागून येणारा बचावपटू मग दिसतच नाही. फळीकडे पाठ किंवा कंबर, तोंड मैदानाकडे, फळीकडचा स्केट फळीला लावून पकची वाट अडवायची आणि ब्लेड स्केटच्या पुढे टेकवायची: पक स्केटला आपटून ब्लेडवर येतो. पास हातात येण्याआधी एकदा खांद्यावरून मागे पाहणे इथे टाळता येत नाही. मात्र ते आधी. पक शेवटच्या दोन मीटरमध्ये असताना नजर त्याच्यावरच हवी.

प्रतिस्पर्ध्याचा भाग जिथे सुरू होतो त्या निळ्या रेषेजवळ आणखी एक सावधानता लागते. पकआधी दोन्ही स्केट रेषा पूर्ण ओलांडून गेले तर ऑफसाइड होते. सरळ धावत जाऊन रेषेवर थबकणाऱ्याचा वेग मरतो. रेषेला समांतर वळण घेत, एक पाय रेषेवर ठेवून पास घ्यावा.

साहित्याबद्दल थोडेच. स्केट घालून उभे राहिल्यावर स्टिक हनुवटीच्या थोडी खाली येते की नाही ते पाहावे. लांब स्टिकचे टोक बर्फावरून उचलले जाते आणि पक त्याखालून निघून जातो. ब्लेडवरची टेप फक्त टाचेशी झिजत असेल तर हेच घडत आहे असे समजावे. टेप कापडी, टाचेपासून टोकापर्यंत, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवून, वरून मेण. ओली, गुळगुळीत झालेली टेप पक धरत नाही.

लेह-स्पितीच्या नैसर्गिक बर्फावर हे सगळे आणखी अवघड होते. बर्फ खडबडीत असतो, वर बर्फाचाच भुसा साचतो, पक मध्येच उडी मारतो. तिथे गुडघे अधिक वाकवून ब्लेड नेहमीपेक्षा जास्त झुकवावी. पक सामन्याआधी गोठवून ठेवावेत, उबदार रबर जास्त उसळते. व्यावसायिक लीगमध्येही हेच करतात, आणि लडाखच्या थंडीत तर त्यासाठी पक रात्रभर बाहेर ठेवले की झाले.

तासाभराच्या सरावात दहा मिनिटे दिली तरी पुरेत. पहिली तीन मिनिटे दोघांनी पाच मीटरवर उभे राहून फक्त वरच्या हाताने पास घ्यावेत, दहा फोरहँड, दहा बॅकहँड. एका हाताने ताठपणा करताच येत नाही, त्यामुळे हात आपोआप सैल होतो. पुढची तीन मिनिटे दोन्ही हातांनी, आणि प्रशिक्षकाने डोळ्यांऐवजी कान वापरावेत: कडक ‘टक्’ ऐकू आले तर तो पास मोजायचा नाही. शेवटची चार मिनिटे चालत्या स्केटवर, मुद्दाम वाईट पास देऊन. मागे उभ्या असलेल्या सहकाऱ्याने बोटे दाखवावीत आणि घेणाऱ्याने पक पोहोचायच्या आत आकडा ओरडावा. अशाने मागे पाहण्याची सवय लागते.

बर्फ मोजकेच आठवडे मिळतो, ही सबब आहे, पण अर्धीच. पास घेण्याचा बराचसा सराव गुळगुळीत फरशीवर, साध्या बुटांवर होतो, आणि पुण्या-मुंबईच्या इनलाइन स्केटिंग करणाऱ्या मुलांना तो वर्षभर करता येईल. मैदानी हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ पकच्याच वजनाचा असतो. तो भिंतीवर मारून परत घेतला की हाताला खरा धक्का कळतो. गोल्फचा चेंडू हलका, पण फार चपळ. ताठ हाताला तो क्षणभरही थारा देत नाही. पक घसरतो आणि चेंडू गडगडतो, त्यामुळे ब्लेडच्या कोनाचा सराव मात्र बर्फावरच पुरा होईल. हात सैल सोडणे, स्टिक पुढे ठेवणे आणि मागे पाहणे, ही तीन कामे फरशीवरच उरकून घ्यावीत.

आयोजकांना एकच विनंती. लेहला वा स्पितीतील काझाला जाणाऱ्या संघांचे वेळापत्रक छापताना त्यात ‘पास घेणे : दहा मिनिटे’ अशी स्वतंत्र ओळ असावी, आणि ती शॉटच्या आधी यावी.

— आइस हॉकीचा एक प्रशिक्षक, पुणे