मंत्रिमहोदय, यंत्रमाणसाचा रहिवासी दाखला कुठून आणू?

मा. मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी फोंड्यातल्या एका कार्यक्रमात आपण व्यासपीठावरून म्हणाला होता की, गोव्यातल्या पोरांनी मराठी-कोंकणीत लघुपट करावेत, अर्धा खर्च सरकार उचलील. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. त्या शब्दावर विसंबून आम्ही चौघांनी लघुपट केला. परवा आपल्या खात्याचे पत्र आले : अर्ज नामंजूर. कारणे दोन. ‘विषयाचा गोमंतकीय जीवनाशी संबंध नाही’ आणि ‘मुख्य पात्राचा पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला जोडलेला नाही.’

आमचे मुख्य पात्र कृत्रिम माणूस आहे, साहेब. कथेत त्याला कारखान्यातून येऊन जेमतेम तीन वर्षे झालीत. ते काम करणारा नट डिचोलीचा, त्याचा दाखला अर्जासोबत होता. पण आपल्या खात्याला हवा तो पात्राचा. आता मामलेदारापुढे कुणाला उभे करू?

तरीही मला जास्त लागले ते पहिले कारण. अर्जातला सारांश वाचायची तसदी कुणी घेतलेली दिसत नाही, म्हणून इथे पुन्हा सांगतो. साखळीजवळच्या एका गावात एक म्हातारी. दोन्ही मुलगे लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिक झाले आणि इंग्लंडात स्विंडनला कामाला गेले. म्हातारीच्या दिमतीला एक कृत्रिम माणूस. तो औषधे देतो, भांडतो, चवथीला गणपतीवर फळापानांची माटोळी बांधतो. तिला आपल्या घरातला वाटा त्याच्या नावे करायचाय. आपल्या गोव्याच्या कायद्यात मुलांचा अर्धा हिस्सा राखीव असतो, त्या लेजितीमला तिला हात लावता येत नाही. पण उरलेला अर्धा ती मृत्युपत्राने हव्या त्या माणसाला देऊ शकते. माणसाला! नोटरी चष्मा काढून विचारतो, बाये, हा कोण? वस्तू वारस होत नाही. उलट तू गेल्यावर इन्व्हेन्टार, म्हणजे वाटणीसाठी मालमत्तेची यादी, होईल तेव्हा फ्रिज आणि जेवणाचे मेज यांच्यामध्ये याचेच नाव लिहितील आणि मुलगे याची वाटणी मागतील.

बावीस मिनिटे हेच चालते. १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा, त्यातल्या वारशाच्या भागाच्या जागी आलेला विधानसभेचा २०१२चा वारसा कायदा, परदेशी गेलेली मुले, कुलूपबंद घरे. यात गोवा नाही? मग गोवा कशात आहे, कार्निव्हालच्या चित्ररथात?

अधिकाऱ्यांनी समासात ‘निव्वळ कल्पनारंजन’ असाही शेरा मारलाय. आमच्या गावच्या देवाच्या नावावर जमीन आहे. देव कोर्टात वादी होतो. मूर्ती ही कायद्याने व्यक्ती आहे, असे ब्रिटिश काळातले शेवटचे अपील ऐकणाऱ्या प्रिव्ही कौन्सिलने १९२५ सालीच म्हटलेय, आणि अयोध्येच्या निकालात २०१९ साली रामलल्ला विराजमान स्वतः पक्षकार होते. कंपनीही व्यक्तीच. मार्च २०१७ मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला जिवंत व्यक्ती ठरवले, जुलैत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, ते सोडा. त्याच ऑक्टोबरात सौदी अरेबियाने सोफिया नावाच्या यंत्राला नागरिकत्व जाहीर केले. पाषाण चालतो, नदी चालते, भागभांडवल चालते. मग म्हातारीचे पाय चेपणाऱ्याचे काय, एवढेच आम्ही विचारले. त्याला हक्क द्यावेत असेसुद्धा लघुपट ठामपणे म्हणत नाही. मला स्वतःला वाटते द्यावेत, पण माझ्या कॅमेरामनला वाटत नाही आणि त्यावरून आमचे अजून पटत नाही.

आता पैशाचे. बहिणीचे दागिने सोसायटीत गहाण आहेत. वडिलांचा खाणीवर ट्रक होता. २०१२ला खाणी बंद पडल्या, सुरू होऊन २०१८ला पुन्हा बंद पडल्या, आणि ट्रक अंगणात गंजला. तेव्हाही कुणीतरी व्यासपीठावरूनच आश्वासन दिले होते. आम्ही राहतो ते घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत. अशा घरात राहणाऱ्या मुंडकारांना संरक्षण देणारा मुंडकार कायदा १९७५चा. अर्ज आजोबांनी केला, तारखांना वडील गेले, आता मी जातो. आम्ही त्या घरात राहतो की नाही हे सरकारला अजून ठरवायचेय! साहेब, पात्राचा दाखला मागणाऱ्यांनी आधी पटकथा लिहिणाऱ्याचा तरी पत्ता मान्य करावा.

आणि इफ्फी, तो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव? २००४पासून पणजीत आहे. दर नोव्हेंबरात मांडवीकाठी रोषणाई होते, पाहुणे गालिच्यावरून चालतात, आम्ही मिरामारच्या बाजूने ट्राफिकमध्ये बसतो. नदीत कॅसिनो किती तरंगताहेत, सहा की सात, मी मोजायचे सोडून दिलेय. त्यांना परवाना देताना ‘गोमंतकीय जीवनाशी संबंध’ विचारला होता का? पंधरा लाख वस्तीच्या राज्याला चाळीस आमदार आहेत. एकालाही एक बावीस मिनिटांची फीत बघायला वेळ मिळू नये? १९८७च्या राजभाषा कायद्याने मराठी सरकारी कामात चालते म्हणतात. आमचा अर्ज मराठीत होता, नकार इंग्रजीत आला. कोंकणीत दिला असता तरी समजलो असतो.

मला अनुदान नको असे म्हणण्याचा बाणेदारपणा परवडत नाही. हवेय. शिवाय शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्यांनी लघुपट पाहिला की नाही, हे लेखी कळवावे. पाहिला नसेल तर साखळीच्या रवींद्र भवनात एक संध्याकाळ आम्हाला द्यावी. त्यांना पहिल्या रांगेत बसवतो, दाखला मागणार नाही.

अर्जासोबतचा पेनड्राइव्हही परत करावा. तो कॅमेरामनचा आहे, रोज विचारतो.

आपला,
लघुपटाचा दिग्दर्शक,
डिचोली