निर्जीवपणाचा दोष संगणकाचा नव्हे

महोदय,

संगणकावर घडवलेला स्वर निर्जीव वाटतो, ही तक्रार संगीतविषयक लेखांतून वारंवार वाचायला मिळते. तक्रार खरी असली तरी खापर चुकीच्या डोक्यावर फोडले जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगीतकार-प्राध्यापक जॉन चाउनिंग यांनी १९७३ च्या निबंधात याचे उत्तर आकड्यांसह दिले आहे.

१९६७ मध्ये ते स्वराला दिलेल्या कंपाचा वेग वाढवत गेले. सेकंदाला सहा-सात हेलकावे असतील तर ते कानाला मोजता येतात. वेग शेकड्यात गेला की हेलकावे हरवतात आणि स्वराचा पोतच बदलतो. हेच एफएम (फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन) संश्लेषण, म्हणजे एका स्वराची कंपनसंख्या दुसऱ्याने हलवून नवा नाद घडवणे. त्याला दोनच साधे स्वर लागतात: ऐकू येणारा कॅरियर आणि त्याला हलवणारा मॉड्युलेटर. किती हलवायचे, ते इंडेक्स ठरवतो.

त्यांची घंटाच पाहा. कॅरियर २०० हर्ट्झ, मॉड्युलेटर २८०. बेरजेने ४८०, ७६०, १०४० हे उपस्वर निघतात. वजाबाकी शून्याखाली गेली की ते उलटून ८०, ३६०, ६४० वर उमटतात. यांतला एकही २०० च्या पटीत नाही, म्हणून कानाला धातू जाणवतो. पण इंडेक्स १० वरच ठेवला तर पंधरा सेकंद नुसता भोंगा वाजतो. आवाजाबरोबर तो शून्याकडे उतरवला, की टोल्याचा खणखणाट हळूहळू विरतो आणि शेवटी २०० ची आस तेवढी उरते. पितळी वाद्यासाठी दोन्ही स्वर ४४० चे, आणि इंडेक्स आवाजाबरोबर ० ते ५ चढता. फुंकेचा जोर वाढला की नाद उजळतो, तो असा.

वरच्या पट्टीत मात्र सांभाळावे लागते. हीच घंटा दहापट वर नेली तर ३२,८०० हर्ट्झपर्यंतचे उपस्वर तयार होतात. सेकंदाला ४४,१०० नमुने, या नमुनादरात त्याच्या निम्म्यापर्यंतचेच, म्हणजे २२,०५० हर्ट्झपर्यंतचे स्वर मावतात. त्यावरचे उलटून ११,३०० पर्यंत खाली येतात आणि खरखर होते. तिथे इंडेक्स कमी करणे हाच सोपा उपाय.

यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स७ या सिंथेसायझरपासून हे तंत्र घरोघरच्या कीबोर्डांत आले. स्वर मेलेला वाटला तर आधी मॉड्युलेटरचा एन्व्हलप, म्हणजे वेळेनुसार इंडेक्स चढवणारा-उतरवणारा आलेख, उघडून पाहावा. तो सपाट असेल तर बिघाड बहुधा तिथेच सापडतो.

– ध्वनितंत्राचा एक अध्यापक