श्रीन्या, अम्मानं तुला का झापलं ते सांगतो

सोलापूर,
रविवार रात्र

श्रीन्या बे,

गेल्या रविवारी अम्मानं तुला फोन करून जे झापलं ना, पोराला उपाशी ठेवतोस, तिकडं जर्मनीत जाऊन दगड झालास वगैरे, त्यात तुझी काही चूक नाही. चूक आमच्या सईची आहे. अर्धी माझी. आठ महिने पत्र नाही, फोन नाही, आणि आज बसलोय कबुलीजबाब लिहायला. शिव्या शेवटी एकदम घाल.

माझी शुगर आहे तशी आहे, अण्णांचा गुडघा आहे तसा आहे. झालं.

तर अम्माच्या गोळ्या द्यायला साखर पेठेत गेलो होतो, सई सोबत होती. अम्मा दारातच शेंगा निवडत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "तिन्नावा रा?" आणि मला उत्तर आठवेना बे! पाचवी ते दहावी तुमच्या घरी निम्मी जेवणं केली, मागाच्या खडखडाटात तुझ्या बापाशी ओरडून तेलुगू बोललो, आणि तोंडातून आलं काय, "हो हो, जेवलो." तेवढ्यात मागनं सई, "तिन्नानु, अव्वा!" मी बघतच राहिलो. स्कूल बसमध्ये शेजारी एक पोरगी बसते, तिच्याकडनं उचललंय. ना फी, ना वही.

मग तुझ्या नीलचा व्हिडिओ कॉल आला. तू गाडी लावायला खाली गेलेलास म्हणे. अम्मानं नेहमीचं विचारलं, "तिन्नावा नान्ना?" त्याला कळतं सगळं, पण उत्तर जर्मनमध्ये: "इश हाबे काइनन हुंगर." आता आमची सई दोन महिने मोबाईलवर जर्मन घोकतेय. तिनं 'हुंगर' पकडलं, 'काइनन' गिळलं, आणि अम्माला सांगून मोकळी, "वाडिकि आकलि!" पोराला भूक लागलीय! तोवर फोन लटकला.

मला ते 'काइनन' ऐकू आलं होतं, श्रीन्या. भूक नाही म्हणाला तो. पुण्यात जर्मनच्या क्लासला मी तीन महिने काय नुसता अमृततुल्य पीत नव्हतो. पण बोललो नाही. कारण नातवाचं काहीतरी आपल्याला कळलं, या आनंदात ती बाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि सरळ गॅस पेटवला. कुणासाठी, ते विचारू नकोस. आठवड्याला दहा मिनिटं ती त्या काचेकडं बघून हसते नुसती. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या हाताला काम मिळालं. रात्री तिनं तुला फोन लावला, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आता खरं दुखणं. सई जूनपासून सहावीत. शाळेनं फॉर्म दिलाय: जर्मन, फ्रेंच, जपानी किंवा संस्कृत, एकावर खूण करा, गुरुवारपर्यंत द्या. चार दिवस घरात सभा चालू आहेत.

ज्योतीचं मत जपानी. तिच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी भाचा जुलैतली एन-फाइव्ह, म्हणजे जपानीची पहिली परीक्षा, पास झाला, डिसेंबरला वरची देणार. मी यूट्यूबवर बघितलं, वाक्य अगदी आपल्यासारखं चालतं. वाताशी वा गोहान ओ ताबेमास: मी, भात, खातो. क्रियापद गपगुमान शेवटी. मी खूश. मग कळलं, वर्तमानपत्र वाचायचं तर २,१३६ कांजी, म्हणजे ती चित्रांसारखी अक्षरं, हव्यात. सईला आडनावातली वेलांटी अजून जमत नाही.

फ्रेंचची तऱ्हा वेगळी. ऐंशीला ते चार विसा म्हणतात आणि नव्वदला चार विसा न दहा! आमची आजी बाजारात असंच मोजायची, तिला कुणी पॅरिसला नेलं नाही. आणि तुमच्या मागावर वर बसवलेला जकार्ड, ते भोकं पाडलेले पुठ्ठे खालीवर करणारं धूड, ते ल्योंच्या जकार्ड नावाच्याच माणसाचं, १८०४ सालचं. म्हणजे तुझ्या बापानं जन्मभर फ्रेंच माणसाचं नाव घेऊन चादरी काढल्या. हे त्यांना सांगायला पाहिजे होतं. राहिलं.

अण्णांना फॉर्म दाखवला तर म्हणाले, "चिनी कुठाय? कोटणीस डॉक्टर आपल्या गावचे." त्यांना सांगितलं, २०२० च्या शिक्षण धोरणात परदेशी भाषांची नावं आहेत, कोरियन, थाई, पोर्तुगीजसुद्धा, पण आधीच्या मसुद्यात असलेली चिनी त्यात नाही. अण्णा तासभर बोलले नाहीत. मग म्हणाले, कोटणीस १९३८ ला चीनला गेले तेव्हा त्यांना तरी कुठं येत होती? तिकडं जाऊन शिकले, तिथल्या पोरांना त्याच भाषेत डॉक्टरकी शिकवली, तिथंच लग्न केलं. मी म्हटलं, हो, आणि १९४२ ला तिथंच गेले. परत आले नाहीत. ज्योतीनं माझ्याकडं असं बघितलं की मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

पण तेच आहे बे. सगळे म्हणतात, स्कोप कशाला आहे ते बघ. २०२४ ला आपल्या सरकारनं तुझ्याच बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी माणसं पाठवायचा करार केला, तेव्हापासून जो तो मला जर्मन सुचवतो. मला त्या फॉर्मवर भाषा दिसतच नाहीत. पोरगी कुठल्या विमानतळावर सोडायची, त्याच्या चौकटी दिसतात.

तू म्हणशील, तू आला नाहीस म्हणून जळतोस. काढच परत तो विषय. २००६ ला मी क्लास सोडला तो तुझ्यासारखं डोकं नव्हतं म्हणून नाही, हे तुला चांगलं माहीत आहे. आणि त्या दोन हजारांचं मी अजून विचारलेलं नाही, हे नोंदवून ठेव. डेअर, डी, दास तर मला तुझ्याआधी पाठ होतं. चमचा तो, काटा ती, सुरी ते. मुलीला ते लोक 'ते' म्हणतात म्हणून तू हसलास, मी म्हटलं आपणही 'पोरगं' म्हणतोच की. मास्तरांनी शाबासकी कुणाला दिली होती? सांग ना.

आणि कामाचं म्हणशील तर एमआयडीसीत मी रोज टॉवेल पाठवतो हांबुर्गला. गेल्या बारा वर्षांत तिथल्या माणसानं मला एक ओळ जर्मनमध्ये लिहिलेली नाही. फक्त माल उशिरा गेला की इंग्रजीत ओरडतो.

सईला स्वतःला काय हवंय? कोरियन! ती गाणी, ते पावडर लावलेले पोरगे. फॉर्मवर नाही म्हणून रुसलीय. पण त्या भाषेत बापाला 'आप्पा' म्हणतात आणि आईला 'ऑम्मा', हे तिनं सांगितल्यावर तुझी आई म्हणाली, "मग ते आपल्या विणकरांतलेच, पद्मशालीच असतील."

तुला बढती मिळाली असं अम्माकडनं कळलं. छान. घराचं कर्ज झालं का? वहिनींना नमस्कार. डिसेंबरला येतोय म्हणालास, तर तिकीट काढल्यावर सांग, आधी सांगू नकोस. अम्मा दिवस मोजायला बसते.

फॉर्म अजून फ्रिजवर आहे. तू तिथं राहिलेला माणूस, तुझं मत लिही, पण पगार सांगू नकोस. रविवारी कॉल संपल्यावर तू किती वेळ गाडीत बसून राहतोस, ते लिही. नील म्हणाला होता एकदा.

तर त्या दिवशी अम्मानं शेंगाच्या पोळ्या केल्या, वीस. डबा माझ्याकडं आहे. मंगळवारी कुरिअर करतो, तू नीलला आधीच सांगून ठेव की त्याला भूक लागली होती.

तुझा,
बाळ्या