चेंडू ग्रीनजवळ पारखा

महोदय,

गोल्फचा चेंडू घेताना नवखे खेळाडू फक्त 'लांब किती जातो' हेच विचारतात. नियमानुसार वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही; शिवाय चेंडूच्या वेगावर आणि अंतरावरही मर्यादा आहे, त्यामुळे अंतरात फार तफावत पडत नाही. खरा फरक ग्रीनजवळ, म्हणजे होलभोवतीच्या (चेंडू टाकायच्या खड्ड्याभोवतीच्या) बारीक कापलेल्या गवताजवळ, कळतो. युरेथेन या मऊ प्लास्टिकच्या आवरणाचा चेंडू वेजच्या (जवळून चेंडू उंच उचलणाऱ्या काठीच्या) फटक्यावर जास्त फिरकी घेऊन लवकर थांबतो; आयनोमर या कडक प्लास्टिकच्या आवरणाचा दोन थरांचा चेंडू घरंगळत पुढे जातो, पण तो स्वस्त आणि टिकाऊ. फेरीत चार-पाच चेंडू पाण्यात जात असतील तर महागडा घेऊच नका! दोन्ही प्रकारांनी वीस यार्डांवरून दहा-दहा चिप (ग्रीनकडे मारायचे छोटे, कमी उंचीचे फटके) मारून पाहा, मग पटिंग (ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवणे). निवडलेले मॉडेल बदलू नका. दर होलला वेगळा चेंडू घेतला की हाताचा अंदाज बिघडतो.

– एक गोल्फप्रेमी, पुणे