ऑफिस हलवणाऱ्या सभासदांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,

सीताबर्डी-धरमपेठेतून वर्धा रोडकडे ऑफिस नेणारे आपल्यात बरेच आहेत, त्यांच्यासाठी.

दसऱ्याचा मुहूर्त साधायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, त्या दोन-तीन दिवसांत त्या बाजूने ट्रक काढूच नका. हवी तर नव्या जागी पूजा करा, कपाटं पुढच्या आठवड्यात न्या. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की सिव्हिल लाइन्स आणि बर्डीत मोर्चे, बॅरिकेड्स. तेव्हाही तोच त्रास.

नव्या जागेतलं इंटरनेट चालताना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जुनं कनेक्शन तोडू नका. टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप घेतलेली हार्ड डिस्क ट्रकमध्ये नाही, स्वतःच्या बॅगेत.

जीएसटी नोंदणीतला मुख्य पत्ता बदलला की १५ दिवसांत दुरुस्तीचा अर्ज (आरईजी-१४) भरावा लागतो. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालयच हलत असेल तर कंपनी निबंधकाकडे आयएनसी-२२ हा फॉर्म भरायला ३० दिवस मिळतात. भाडेकरार, वीजबिल आणि जागामालकाचं संमतीपत्र आधीच जमवून ठेवा. ऐनवेळी मालक हमखास गावाला गेलेला असतो. बँकेचा पत्ता, बिलबुक, शिक्के वगैरे आलंच.

किल्ली परत देताना जुन्या मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, डिपॉझिटच्या वेळी कामी येतो.

कोणाला ट्रक आणि हमाल मिळून ठरवायचे असतील तर शनिवारपर्यंत ग्रुपवर तारीख टाका.

– सचिव